जमेल तेवढं

इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये बोलायचं म्हणजे ओरडायचं. एका शेडमध्ये बारा माग, प्रत्येकावर धोटा या कडेपासून त्या कडेला आपटतोय, आणि त्या आवाजात वर्षानुवर्षं काढलेली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. मी ज्यांना भेटायला गेले होते ते कोपऱ्यात कांडी मशीनपुढे स्टुलावर बसले होते. त्यांनी तळहात दाखवला, थांबा जरा. धोट्यात बसवायच्या, सूत भरलेल्या कांड्या क्रेटमध्ये टाकल्या, रिकाम्या लावल्या. मग भिंतीला टेकवून ठेवलेला जयपूर फूट उचलून चढवला आणि माझ्याबरोबर टपरीपर्यंत चालत आले.

वय पंचेचाळीसच्या आसपास. नाव लिहायचं नाही, हे चहा येण्याआधीच ठरलं. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी माग चालवले. एकट्याकडे सहा माग, बारा तासांची पाळी, सगळी उभ्यानं. मग साखरेनं गाठलं. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, आणि शेवटी पाय गुडघ्याखालून काढावा लागला. वर्षभर घरी पडून होते. आता रोज चार तास कांडी भरतात. पायाच्या टोकाचं कातडं सोललं की दोन-तीन दिवस तेही नाही.

"काम सोडलं न्हाई ओ ताई," ते म्हणाले, "जमल तेवढं करतोय."

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय सांगितला होता 'कष्ट'. मी म्हटलं, ज्यांनी कष्ट करू नयेत अशीच सरकारची अपेक्षा असते आणि ज्यांना ते केल्याशिवाय राहवत नाही, त्यांच्याबद्दल लिहिते. पेन्शनसाठी अर्ज केलेला किंवा करू पाहणारा, आणि तरी दिवसाचे तीन-चार तास कुठेतरी हात चालवणारा अपंग माणूस. अशी माणसं शोधायला कष्ट पडले नाहीत. ती बोलायला मात्र तयार नव्हती.

दोन पगार

यंत्रमागाचा हिशेब आठवड्याला होतो. माग चालवणाऱ्याची मजुरी पिकावर, म्हणजे कापडात पडणाऱ्या आडव्या धाग्यांवर ठरते, कांडीवाल्याची वेगळी. पण आठवडा भरला की हातात येतो तो 'पगार'. गंमत अशी की महिन्याला सरकारकडून बँकेत जमा होणाऱ्या रकमेलाही इथं सगळे पगारच म्हणतात. निराधारचा पगार. सरकारी कागदावर ते अनुदान असतं, अर्थसाहाय्य असतं. बँकेच्या रांगेत ते शब्द कुणाच्या तोंडी येत नाहीत. "पगार जमा झाला का?" एवढंच विचारतात. एक पगार काम केल्याचा, दुसरा काम होत नसल्याचा. दोन्ही घेणाऱ्याला पहिला दुसऱ्यापासून लपवावा लागतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजारी आणि अपंग, सगळ्यांना एकाच छत्राखाली घेतलेलं. 'निराधार' या शब्दावरच तिचा पाया आहे. ज्याला कशाचाच आधार नाही तो. विधवेच्या बाबतीत ही कल्पना कशीबशी तरी बसते. अपंगाच्या बाबतीत ती बसत नाही, कारण त्याला बहुधा कशाचा तरी थोडा आधार असतो: दोन धड हात, शिवण, हिशेबाची अक्कल, चार तासांचं बळ. त्या थोडक्याचं काय करायचं हे योजनेला ठाऊक नाही.

रक्कम बराच काळ सहाशे होती, मग हजार, २०२३ च्या जुलैपासून दीड हजार. २०२५ च्या जूनमध्ये शेतकरी आणि दिव्यांगांचे नेते बच्चू कडू मोझरीला अन्नत्यागाला बसले, तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना सहा हजार ही त्यांची मागणी होती. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने हजाराची वाढ केली आणि ऑक्टोबरपासून दिव्यांगांचे २,५०० झाले. केंद्राची वेगळी पेन्शन आहे, पण ती ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला. आणि केंद्राचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपयांवरच आहे.

इथं एक गोष्ट नोंदवते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा म्हणतो की सामाजिक सुरक्षेच्या सारख्या योजनांत इतरांना जे मिळतं त्यापेक्षा अपंग व्यक्तीला किमान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे. कारण साधं आहे. अपंग माणसाला जगायला जास्त खर्च येतो: रिक्षा, सोबत, औषधं, कुबडीचं रबर. याच योजनेत दोन वर्षांहून अधिक काळ विधवेला दीड हजार आणि अपंगालाही दीड हजार मिळत होते. कायदा मी वाचते तसा धरला तर ती रक्कम १,८७५ हवी होती. ऑक्टोबर २०२५ पासून फरक पडला, तो कायद्यामुळे कमी आणि मोझरीमुळे जास्त असं माझं मत.

धोटा उडाला तेव्हा

सगळ्याची सुरुवात टक्क्यांपासून होते. सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची, वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी सरकारी रुग्णालयात हजर व्हायचं, डॉक्टर तपासणार, मोजणार, आणि मग 'यूडीआयडी' नावाचं स्वावलंबन कार्ड मिळणार. कार्डाला रंग असतो: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० पासून पुढे निळा. माणसं एकमेकांना रंगावरून ओळखतात. "त्याचं पिवळं हाय" म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. पेन्शन, एसटीची सवलत, नोकरीतलं आरक्षण, सगळं ४० पासून सुरू.

दुसऱ्या एका शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, म्हणून काम केलेले एक काका भेटले. साठीला टेकलेले. काही वर्षांपूर्वी मागावरून धोटा उडाला आणि डाव्या डोळ्यावर बसला. लाकडी धोट्याच्या टोकाला लोखंड असतं. डोळा गेला. दुसरा चांगला आहे. मोजणीच्या नियमात एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा धड असला तर ३० टक्के. कार्ड पांढरं. पेन्शनचा अर्ज त्यांनी केलाच नाही, कारण सेवा केंद्रातल्या मुलाने कार्डाचा रंग बघूनच परत पाठवलं.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी शेडच्या बाहेरही ओरडतच होते. काकांना ऐकू कमी येतं. बोर्डात सांगितलं का? "त्यात काय सांगायचं? मागावरचा माणूस, कानानं अधूच असणार की." चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढलेल्या माणसाला स्वतःचा बहिरेपणा आजार वाटत नाही, व्यवसायाचा भाग वाटतो.

नियमात दोन अपंगत्वं एकत्र करण्याचं सूत्र आहे. सरळ बेरीज नव्हे. मोठा आकडा घ्यायचा, नव्वदातून तो वजा करायचा, उरलेल्याने लहान आकड्याला गुणायचं, नव्वदने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा काकांच्या कानाचे २५ टक्के निघाले. ३० आणि २५ चे ५५ होत नाहीत, पण ४६ पूर्णांक ६७ होतात. म्हणजे पिवळं कार्ड. हे मी टपरीवर कागदाच्या पुडीवर करून दाखवलं. त्यांनी पुडी घडी घालून खिशात ठेवली.

शरीराच्या अपंगत्वात निदान एक बरं, काम करणारा माणूस काम करतो म्हणून त्याचे टक्के कमी होत नाहीत. पाय गेला तो गेला. मनाच्या आजारात तसं नाही. तिथं जी मोजपट्टी वापरतात तिच्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी घेणं, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, त्यात आजार किती वर्षांचा त्याचे गुण. जितके गुण जास्त तितकं अपंगत्व जास्त. स्किझोफ्रेनियातून सावरणारा एखादा मुलगा सकाळी दोन तास दुधाच्या पिशव्या टाकायला जाऊ लागला, तर त्याच्या डॉक्टरांना आनंद होतो आणि मोजपट्टीवरचा त्याचा एक गुण घसरतो. अशा मुलांच्या आया बोर्डाच्या दिवशी काय करतात हे एका आईने मला हसत सांगितलं. "त्या दिवशी त्याला आंघोळ घालत नाही." हसू तिचं होतं, मला आलं नाही.

आठवड्याला ९६१ रुपये

टक्के जमले की दुसरा उंबरठा उत्पन्नाचा. या योजनेत इतरांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, दिव्यांगांसाठी ५० हजारांच्या आत. दुसरा आकडा उदार वाटतो, पण आठवड्यावर आणून बघा: ९६१ रुपये. एकट्याचे नव्हे, कुटुंबाचे.

कांडीवाल्या भाऊंचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला. चार तासांच्या कामाला चांगल्या आठवड्यात हजार रुपये सुटतात. असे सगळेच आठवडे चांगले गेले तर वर्षाचे ५२ हजार. म्हणजे मर्यादेच्या दोन हजार वर. आणि त्या दोन हजारांपायी पेन्शनचे वर्षाचे ३० हजार जातील. ४९ हजार कमावून पेन्शन घेणाऱ्याच्या घरात ७९ हजार येतात, ५२ हजार कमावणाऱ्याच्या घरात ५२ हजार. ही घट भरून काढायला त्यांना आठवड्याला १,५०० हून जास्त कमवावे लागतील. एका पायावर, चार तासांत ते होत नाही. आठ तास बसलं तर कातडं सोलतं. बायको धुण्याभांड्याला जाते ते यात धरलेलंच नाही. धरलं तर सगळं गणितच मोडतं.

मग दाखला कसा निघतो? उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात, तलाठ्याच्या अहवालावर. तलाठी विचारतो, अर्जदार सांगतो, आणि जो आकडा लागतो तोच कागदावर येतो. मी पाहिलेल्या तीन दाखल्यांत दोनांवर ४८ हजार होते. कुणी कुणाला पैसे दिले असं मला कुणी सांगितलं नाही आणि मी तसं सुचवतही नाही. सगळ्यांना ठाऊक असतं की खरा आकडा लिहिला तर खरा गरजू माणूस बाहेर पडेल, म्हणून सगळे मिळून एक सोयीचा आकडा लिहितात. नियम इतका खाली ठेवला की माणसाने खोटं बोलायचं की उपाशी राहायचं एवढंच उरतं. बहुतेक जण खोटं बोलतात. मीही बोलले असते.

सरकारच्याच दुसऱ्या दारात गरिबीची व्याख्या वेगळी आहे. 'लाडकी बहीण' योजनेत कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. कृत्रिम पाय, तीनचाकी, श्रवणयंत्र देणाऱ्या केंद्राच्या 'एडिप' योजनेत महिना साडेबावीस हजार उत्पन्नापर्यंत साहित्य पूर्ण मोफत आहे. म्हणजे पाय बसवून घ्यायला तुम्ही गरीब ठरता. त्या पायावर उभं राहून काम केलं की तुम्ही गरीब राहत नाही. राज्याचं दिव्यांग महामंडळ तर फिरतं दुकान थाटायला विजेवर चालणारी गाडीच देतं. ती गाडी वर्षाला ५० हजारही कमावणार नसेल तर द्यायची कशाला, आणि कमावणार असेल तर पेन्शनचं काय, हे दोन विभागांनी एकमेकांना विचारलेलं दिसत नाही.

"आमच्याकडं रकाना नाही"

प्रत्येक तहसील कचेरीत एक संजय गांधी शाखा असते. मी गेले त्या कचेरीत ती जिन्याखाली होती. जिना चढावा लागत नाही हे बरं. तिथले कारकून सभ्य गृहस्थ निघाले. टेबलावर फायलींचा गठ्ठा, त्यात पिवळ्या कार्डांच्या झेरॉक्स, आधार, रेशनकार्ड, पंधरा वर्षं राज्यात राहत असल्याचा दाखला. मी विचारलं, अर्जदार थोडंसं काम करत असेल तर?

"थोडंसं म्हणजे किती?" त्यांनी उलट विचारलं. "उत्पन्नाचा दाखला आहे का, तर आहे. बसला का मर्यादेत, तर बसला. तो काम करतो की नाही, याला आमच्याकडं रकाना नाही. तक्रार आली तर मात्र बघावं लागतं."

तक्रार हा खरा कळीचा शब्द. नियम काम करायला बंदी घालत नाही. ५० हजारांच्या आत खुशाल कमवा. पण हे लाभार्थ्यांपैकी कुणालाच माहीत नाही, आणि गावालाही नाही. गावाची समजूत अशी की पेन्शनवाला म्हणजे घरी बसलेला. तो भाजीच्या गाडीवर दिसला, रात्रपाळीचा वॉचमन म्हणून दिसला, की भाऊबंदकीतला किंवा निवडणुकीतला कुणीतरी अर्ज टाकतो: अमुक इसम धडधाकट असून कामधंदा करतो. मग चौकशी, पंचनामा, आणि निकाल लागेपर्यंत पगार बंद. "बंद पडलेला पगार चालू करायचा म्हणजे वरीस जातंय," कांडीवाले भाऊ म्हणाले. म्हणून ते शेडच्या मागच्या दाराने येतात. अपंगत्व लपवणारी माणसं मी पूर्वी खूप पाहिली आहेत, लग्नाच्या बाजारात तर नेहमीच. काम लपवणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

संशयाचं वारं २०२४ नंतर जास्तच वाढलं. एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला, आणि मग राज्यात दिव्यांग कोट्यातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी निघाली. खोटे पकडले जावेत, यात दुमत नाही. पण झळ खालपर्यंत येते. आता बोर्डात डॉक्टरही हात आखडता घेतात, असं दोघातिघांनी सांगितलं.

पाय मागाखाली गेला असता तर

आता एक उलटं चित्र. कांडीवाल्या भाऊंचा हाच पाय साखरेने न जाता कारखान्यातल्या अपघातात गेला असता आणि तो कारखाना कामगार विम्याखाली असता, तर? ईएसआय म्हणजे या कामगार विम्यात, १९४८ च्या कायद्यापासूनच, कायमच्या अपंगत्वाचा लाभ कमावण्याची क्षमता किती टक्के गेली यावर ठरतो. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, अशी यादीच आहे. पूर्ण क्षमता गेली तर मजुरीच्या ९० टक्के, अर्धवट गेली तर त्या प्रमाणात, आणि तो जन्मभर. महत्त्वाचं म्हणजे माणूस पुन्हा कामावर गेला तरी तो बंद होत नाही. इथं कुणी विचारत नाही की बाबा, तू दिसतोस कसा कामावर. गेलेल्या बोटाची भरपाई वेगळी, उरलेल्या नऊ बोटांची मजुरी वेगळी.

म्हणजे 'थोडं अपंग, थोडं कमावतं' ही कल्पना आपल्या कायद्याला पंचाहत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. ती फक्त कारखान्याच्या फाटकाच्या आत आहे. आणि इचलकरंजीतल्या असंख्य शेड त्या फाटकाबाहेर आहेत, कारण कायदा लागू व्हायला दहा कामगार लागतात, आणि एका मालकाकडे कागदावर नेहमी त्याहून कमीच असतात.

अमेरिकेत अपंगत्वाची पेन्शन मिळवणं सोपं नाही, पहिला अर्ज बहुतेकांचा फेटाळला जातो. पण मिळाल्यावर तिथं एक मुभा आहे: नऊ महिने काम करून बघा, कितीही कमवा, पेन्शन चालू राहील. झेपलं तर पुढचं बघू, नाही झेपलं तर तुमची पेन्शन जागेवर आहे. मी ही गोष्ट कारकुनांना सांगितली. ते म्हणाले, "नऊ महिने? आमच्याकडं मंजुरीलाच तेवढे जातात."

काम माणसाजवळ आणण्याची वाट आपल्याकडेही आहे, तीही याच जिल्ह्यात. चाकाच्या खुर्चीवरून सरकारी नोकरी केलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मचरित्राने माझ्या पिढीला अपंग माणूस म्हणजे दयेचा विषय नव्हे हे शिकवलं. तिथलं तत्त्व साधं होतं: टेबल, दार, संडास, कामाची वेळ, सगळं माणसाच्या मापाने. कांडीवाल्या भाऊंच्या मालकाने हे पुस्तक वाचलेलं नाही, पण स्टुलाखाली वीट लावून दिली आहे आणि हजेरीची वेळ ठरवलेली नाही.

वाचकांपैकी कुणाच्या घरात असा अर्ज अडला असेल तर दोन गोष्टी. टक्के कमी लागले असं वाटलं तर प्रमाणपत्राविरुद्ध नव्वद दिवसांत अपील करता येतं, आणि दुसरा काही त्रास असेल तर तोही तपासून घ्या, तो किरकोळ आहे हे तुम्ही ठरवू नका. अर्ज नामंजूर झाला, किंवा चालू पेन्शन बंद झाली, तर कारण लेखी मागा. 'कामाला जातो' हे कारण नव्हे. उत्पन्न ५० हजारांच्या वर गेलं का, एवढाच प्रश्न आहे.

निघताना मी पुन्हा शेडमध्ये डोकावले. भाऊंनी पाय काढून ठेवला होता आणि मशीन चालू होतं. मालकांनी मला कौतुकाने शेडची दुसरी बाजू दाखवली. तिथले चार जुने माग उचलले होते, फरशी फोडून नवा पाया घातला होता. दिवाळीनंतर तिथं चार रॅपिअर माग येणार आहेत. त्यांना धोटा नसतो, कांडीही लागत नाही.